फ्लॉपीला कुंकू

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यात आधी फोडणी बंद झाली. हे मी हल्लीच्या कुठल्याही पोराला सांगते तेव्हा त्याला वाटतं, म्हातारीला विनोद सुचलाय. विनोद नाही. माझा थोरला भाऊ विलास, ज्याला मी जन्मभर दादा म्हणत आले आणि त्यातली बरीच वर्षं दात-ओठ खाऊन म्हणत आले, त्याने एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला बजावलं, की हिंगाची न तेलाची वाफ बाहेरच्या खोलीत आली तर कॉम्प्युटरचं हेड खराब होतं. आई कढईत मोहरी टाकायच्या बेतात होती. तिने चमचा तसाच धरून विचारलं, "हेड म्हणजे डोकं ना रे?" दादा म्हणाला, "डोकं नाही गं, हेड. आतलं सगळं वाचतं ते." "माझंही सकाळपासून दुखतंय," आई म्हणाली, आणि मोहरी परत डब्यात टाकली. त्या दिवशी आम्ही बिनफोडणीची आमटी जेवलो, आणि पुढे कित्येक महिने कॉम्प्युटर चालू असेपर्यंत आमच्याकडे कढईत काही तडतडलं नाही. आई पहाटे उठून सगळ्या फोडण्या उरकून टाकायची. दुपारी पानात पडेपर्यंत वालाच्या बिरड्यावर साय धरलेली असायची.

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला, एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. घर म्हणजे बाहेरची मोठी खोली, मागे स्वयंपाकघर आणि मधे झोपण्यापुरती एक बोळवजा जागा. बाहेरच्या खोलीत अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, टायपिंगचा क्लास चाले. भिंतीला लागून दहा-बारा यंत्रं, त्यातली काही मराठी, बाकीची इंग्रजी, आणि खिडकीशी अण्णांचं टेबल. सकाळी सातला पहिली बॅच बसली की जो खडखडाट सुरू होई तो दिवे लागल्यावरच थांबे. आम्ही त्या आवाजात जेवलो, झोपलो, अभ्यास केला. सुट्टीच्या दिवशी शांतता झाली की आईला करमायचं नाही, कोणी आजारी आहे का असं ती विचारायची. ओळ संपली की यंत्राची घंटी टिंग करून वाजे. एकाच वेळी चार-पाच घंट्या वाजल्या की आई आतून म्हणे, "आरती झाली वाटतं." मी बारावीनंतर सकाळच्या बॅचला शिकवू लागले होते. डोळे मिटून मराठी टाइप करायचे आणि मनात भाजीचा विचार करायचे, इतकी माझी बोटं तयार होती.

क्लासला स्वयंपाकघराचं दार आडवं नव्हतं, नुसता पडदा होता. त्यामुळे आई संध्याकाळी कोथिंबीर वड्या तळायला बसली की शेवटच्या बॅचच्या चुका वाढत. अण्णा कागद तपासताना लाल पेन बाजूला ठेवत आणि म्हणत, "आज वड्या आहेत, चुका माफ." मग आई ताटलीभर वड्या बाहेर पाठवी आणि पोरं तेलकट बोटं चड्डीला पुसून पुन्हा यंत्रावर बसत. यंत्रांना त्याचं काही वाटत नसे. अण्णांकडे लोक अर्ज, करारनामे, नोकरीसाठीचे बायोडाटे टाइप करून घ्यायला येत. अण्णा आधी मजकूर वाचत, मग डोक्याला हात लावत आणि मग स्वतः नवा मजकूर सांगत. "अर्जात कृपया एकदाच," ते म्हणत. "दोनदा लिहिलंत की भीक मागितल्यासारखं होतं." आता माझ्या फोनवर रोज सकाळी उगवत्या सूर्याची चित्रं येतात, खाली 'शूभ सकाळ' असं लिहिलेलं, शू दीर्घ. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक मॅनेजर तर नुसतं 'बरं' म्हणायलासुद्धा आवाजाचा संदेश पाठवतात, त्यात आधी खोकतात. अण्णांनी यांतल्या एकेकाला खिडकीशी उभं केलं असतं.

दादा टायपिंगच्या क्लासमध्ये जन्मला, वाढला आणि दोन बोटांनी टाइप करत राहिला. कोंबडी दाणे टिपते तसा तो अक्षरं टिपायचा. कॉमर्सची पदवी कशीबशी पदरात पडल्यावर तो ठाण्याला एका कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागला. तो क्लास मी एकदा पाहिला आहे. निळ्या काचेचा दरवाजा, आत गारेगार, आणि बाहेर चपलांचा हा ढीग. देवळात चपला काढायला कुरकुर करणारी पोरं तिथे मोजेसुद्धा काढून, पाय पुसून, एकमेकांशी कुजबुजत आत जात होती. आत फळ्यासमोर एक टायवाला मुलगा उभा होता आणि पंधरा-वीस जण काचेपलीकडच्या एका बंद यंत्राकडे बघत होते. चालू करायची पाळी आठवड्यातून एकदा येई म्हणे. त्या ज्ञानाचं तीन महिन्यांनी प्रमाणपत्र मिळालं, आणि दादा घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. पंखा बंद पडला असं तो म्हणेना, हँग झाला म्हणू लागला. आईने पोळ्या किती करू विचारलं तर तो 'इनपुट' शब्द वापरून उत्तर देई. अण्णा त्याच्याकडे चष्म्यावरून बघत आणि पुन्हा कागदात डोकं घालत.

पण अण्णांची मुलं कमी होत चालली होती, हे खरं. निळ्या काचा आता डोंबिवलीतही दिसू लागल्या होत्या. ज्या आया आधी पोरीला टायपिंगला घालत त्या आता म्हणत, "कॉम्प्युटर शिकलेली बरी, लग्नातही विचारतात." आमच्या दुपारच्या बॅचला पाटलांची वनिता आणि आणखी दोघी-तिघीच उरल्या. वनिता जवळच्या गावातली आगरी मुलगी, हात जड पण चिकाटी दांडगी. तिचं टाइप केलेलं कागदाच्या मागच्या बाजूने बोटांना लागायचं. तेव्हा दादाने कॉम्प्युटर आणला, आणि ते धूड खिडकीशी, अण्णांच्या टेबलावर बसलं. अण्णा आपला चष्मा, शाईची बाटली आणि लाल पेन घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर गेले. ते तसे गेले, याचा मला आजही राग येतो.

मग नियम आले. चपला दाराबाहेर. खिडकी बंद, कारण धूळ. फोडणी बंद, ते सांगितलंच. मिक्सर बंद, कारण व्होल्टेज. म्हणजे आई पुन्हा पाट्या-वरवंट्यावर आली. घरात एकच टेबलफॅन होता, त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. भर ऑक्टोबरात आम्ही सगळे वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले आणि त्या डब्याला थेट झुळूक. वनिता पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "ताई, त्याला घाम येतो काय गो?" आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे हात लावायचा नाही. तशी पाटीच दादाने भिंतीवर चिकटवली, 'हात लावू नये'. ती पाटी त्याने माझ्याकडून मराठी यंत्रावर टाइप करून घेतली होती, कारण त्याच्या कॉम्प्युटरला प्रिंटर अजून यायचा होता. यातलं हसण्यासारखं काही त्याच्या लक्षात आलं नाही.

दादाला प्रवचन करायची सवय लागली. शेजारीपाजारी कॉम्प्युटर बघायला येत, गणपतीला येतात तसे, आणि दादा त्यांना उभ्या उभ्या सगळं समजावून सांगे. आई पडद्याआडून ऐकायची. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण ऐकायची मात्र कानात प्राण आणून. दादाचं म्हणणं त्या घरात तिच्याइतकं मन लावून कोणीच ऐकत नव्हतं. एकदा दादा फ्लॉपी हातात धरून सांगत होता. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: पुठ्ठ्यासारखं काळं चौकोनी पातळ पाकीट, त्याला एका बाजूला लांबट फट आणि त्या फटीतून दिसणारी आतली तपकिरी चकती. "हा एवढा मोठा डबा दिसतो ना, त्याच्यात काही नाही," दादा म्हणाला. "रिकामा आहे. सगळं ज्ञान ह्या फ्लॉपीत. ही आत गेली की तो जागा होतो." आई पडदा सारून पुढे आली. "म्हणजे रे, देव गाभाऱ्यात न बाकीचं नुसतं देऊळ, तसं?" दादा खूश झाला. "एकदम करेक्ट, आई. बघा, आईला पण कळलं." आई दिवसभर त्या शाबासकीवर तरंगत होती. रात्री भाकरी थापताना तिने मला पुन्हा समजावून सांगितलं, की डब्यात काही नसतं.

त्याच सुमारास दादाला पहिलं मोठं काम मिळालं. वर्तकनगरच्या एका पतपेढीला आपला वार्षिक अहवाल कॉम्प्युटरवर हवा होता. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्यांची सभा. मराठी अक्षरं उमटवायचं एक कार्ड दादाने कुठूनसं आणून बसवलं, प्रिंटरही भाड्याने आला, आणि मग असं लक्षात आलं की दादाच्या दोन बोटांनी हा अहवाल पुढच्या दसऱ्याला होईल. मग माझे हात चालले. मी टाइप करायचे आणि दादा शेजारी खुर्ची टाकून बसायचा. पतपेढीचा माणूस आला की दादा सांगे, "ही नुसती एन्ट्री करते. ऑपरेट मी करतो." ऑपरेट करणं म्हणजे बटण दाबून चालू करणं आणि संध्याकाळी बटण दाबून बंद करणं.

एका दुपारी जेवताना दादाने विषय काढला. कल्याणचा एक भंगारवाला यंत्रं उचलायला तयार होता. यंत्रं गेली की जागा मोकळी होईल, आणखी कॉम्प्युटर येतील, निळी काच बसवता येईल. आईचा हात वाढता वाढता थांबला. मी म्हटलं, "आणि अण्णा काय करतील?" दादा म्हणाला, "अण्णा आराम करतील. किती वर्षं खडखडाट ऐकायचा?" अण्णांनी ताकभात संपवला, पाटावरून उठले आणि म्हणाले, "पतपेढीचा अहवाल तुझ्या त्या यंत्रातून नीट गेला, तर ने." एवढंच. म्हणजे अहवाल माझ्याच बोटांनी टाइप होत होता आणि त्याच अहवालावर अण्णांची यंत्रं जायची होती. मी तरीही एकही चूक मुद्दाम केली नाही. अण्णांच्या हाताखाली शिकल्यावर ते जमतच नाही.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होई. लोक लोखंडी अवजारांची करतात, दुकानदार तराजूची करतो, तशी आमची टाइपरायटरची. आदल्या दिवशी सगळी यंत्रं रॉकेलच्या फडक्याने पुसायची, रिबिनी बदलायच्या. सकाळी आई ओल्या केसांनी बाहेर येई, प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मग अण्णा प्रत्येक यंत्रावर कोरा कागद चढवून 'श्री' उमटवत. शेवटी ते एका जुन्या इंग्रजी यंत्रावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत, पाटीवर काढतात तशी. त्या यंत्राला एक आकड्याचं बटणच नव्हतं, तिथे छोटा एल वापरावा लागे. "आमची सरस्वती एलची आहे," अण्णा दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी आम्ही हसत असू. त्या वर्षी ते म्हणाले तेव्हा कोणी हसलं नाही. अहवाल गेला की भंगारवाल्याचा टेम्पो येणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

दादा सकाळीच प्रिंटरचा कागद आणायला स्टेशनकडे गेला होता. जाताना तो आईला सांगून गेला, "डब्याला कुंकूबिंकू लावू नको हां. फूल ठेव वर, बस." आईने त्याचं अक्षरशः ऐकलं. डब्यावर तिने एक फूल ठेवलं, कुंकू लावलं नाही. डब्यात काही नसतंच. मी आत पुऱ्या तळत होते, कॉम्प्युटर बंद असल्यामुळे तेल तापवायची मुभा होती. बाहेर आईने पाट मांडला, त्यावर तांदळाची रास घातली, आणि दादाच्या खणातून सगळ्या फ्लॉप्या काढून, त्यांच्या कागदी पाकिटांतून सोडवून, रांगेने मांडल्या. अहवालाची फ्लॉपी, तिची नक्कल, कॉम्प्युटर ज्यावर सुरू होतो ती, मराठी अक्षरांची ती. आईने पंक्तिप्रपंच केला नाही. त्या लांबट फटीत तिला देवाचं कपाळ दिसलं असणार, कारण कुंकू लावायला काळ्या पुठ्ठ्यावर दुसरी जागाच नाही. अनामिका पाण्यात बुडवून तिने आधी हळद, मग कुंकू, नेमकं त्या फटीत बोट टेकवून लावलं. वर चार अक्षता, फुलाने पाणी शिंपडलं, नमस्कार केला, आणि थोड्या वेळाने सगळं उचलून, देव देव्हाऱ्यात ठेवावेत तसं, पाकिटांत घालून खणात ठेवून दिलं.

जेवण मस्त झालं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, आणि फोडणीची म्हणून मुद्दाम केलेली काकडीची कोशिंबीर. दुपारी पतपेढीचे अध्यक्ष आले. सफारी घातलेले, बोटांत अंगठ्या, दारात चपला काढताना स्वतःशीच कौतुकाने हसणारे. त्यांना दसऱ्याच्या मुहूर्तावर अहवाल छापताना डोळ्यांनी बघायचा होता. दादाने त्यांना टेबलफॅनच्या वाऱ्यात, म्हणजे कॉम्प्युटरच्या शेजारी, बसवलं. खण उघडला, फ्लॉपी काढली, मोठ्या ऐटीत खाचेत सरकवली आणि खिट्टी फिरवली. आतून खर्र खर्र असा आवाज आला. जात्यात खडा आला की येतो तसा. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं. दादाने तीच पुन्हा घातली, मग दुसरी, मग तिसरी. चौथी बाहेर काढताना त्याच्या बोटाला लाल लागलं. त्याने बोट बघितलं, फ्लॉपी उलटी केली, आणि फटीत अडकलेला तांदळाचा दाणा टेबलावर पडला.

"कोणी हात लावला ह्याला?" दादा म्हणाला. आई पडद्याशीच उभी होती, अध्यक्षांसाठी श्रीखंडाची वाटी घेऊन. तिला वाटलं, आपल्याला शाबासकी मिळणार. "मी पूजा केली ना," ती म्हणाली. "डब्याला नाही रे लावलं. तू म्हणालेलास ना, सगळं आत असतं, म्हणून." दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला. "अडाणी," तो म्हणाला. "अडाणी ती अडाणीच. अक्कल नाही तर हात कशाला लावतेस? पाटी वाचता येत नाही?" परक्या माणसासमोर. सणाच्या दिवशी. अध्यक्षांनी नजर फॅनकडे वळवली. आईने वाटी टेबलावर ठेवली नाही, कारण त्या टेबलाला हात लावायचा नव्हता. ती वाटी तशीच हातात धरून उभी राहिली. त्या क्षणी मला दादाची जी किळस आली ती पुढे कमी-जास्त झाली, पण गेली कधीच नाही. मी ती जपली आहे असंही म्हणा हवं तर.

अण्णा स्टुलावरून उठले. त्यांनी आईच्या हातातली वाटी घेतली, अध्यक्षांच्या हातात दिली, आणि दादाला म्हणाले, "ही यंत्रं दरवर्षी तिच्या हातचं कुंकू लावून घेतात. एकाचंही अक्षर पुसलं गेलं नाही कधी. चिमूटभर कुंकू पचत नाही, त्याला तू ज्ञान म्हणतोस?" मग कपाटातून स्टेन्सिलचे, एकावरून शेकडो प्रती काढता येतात ते, मेणकागद काढले आणि मला म्हणाले, "शुभे, बस." मूळ हस्तलिखित घरात होतंच. अण्णा एका यंत्रावर, मी दुसऱ्यावर. तेवढ्यात वनिता आपट्याची पानं द्यायला आली, तिला तिसऱ्यावर बसवलं. यंत्रांवरची फुलं काढायलासुद्धा आम्ही थांबलो नाही. खटके बसत तशी झेंडूची पाकळी पाकळी गळत होती, कुंकू बोटांना लागत होतं, आणि घंट्या वाजत होत्या. वनिता मधेच आत बघून म्हणाली, "मावशी, तुमी कशाला रडता? मशीन गेला तर मशीन गेला." दिवेलागणीला स्टेन्सिल झाल्या, आणि सायक्लोस्टाइलवर, म्हणजे प्रती काढायच्या हाताने फिरवायच्या यंत्रावर, अण्णांनी पहिली प्रत फिरवली. एक चूक नव्हती. ओळी सरळ, समास सारखे. मला वाटलं, यंत्रं वाचली.

अध्यक्ष फिरून आले होते. त्यांनी प्रत हातात घेतली, चाळली, उलटीपालटी केली, दिव्यासमोर धरली. मग म्हणाले, "भोकं कुठायत?" आम्हाला कळेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, की कॉम्प्युटरच्या कागदाला दोन्ही कडांना भोकांची पट्टी असते. सभासदांना सांगून ठेवलंय, यंदाचा अहवाल कॉम्प्युटरवर. हे तर साधं टाइप केल्यासारखं दिसतंय. अण्णा म्हणाले, "साधं टाइप केलेलंच आहे. पण बरोबर आहे." "बरोबर असेल हो सर," अध्यक्ष म्हणाले, "पण दिसत नाही ना कॉम्प्युटरचं." आणि त्या गृहस्थाने सभा पुढे ढकलली. भोकांसाठी. ठाण्याहून मेकॅनिक आला, त्याने कापसाच्या बोळ्याने त्या थोर हेडवरचं माझ्या आईचं कुंकू पुसलं, नव्या फ्लॉप्या आल्या, आणि तोच अहवाल मी तिसऱ्यांदा टाइप केला. छापून गेला तेव्हा कडेच्या पट्ट्या कोणी फाडल्या नाहीत. सगळ्या सभासदांनी भोकांसकट अहवाल घरी नेला. अण्णांनी एक प्रत पाहिली. मजकुरात पतपेढीच्या माणसाने आयत्या वेळी घातलेला एक परिच्छेद होता, त्यात 'कृपया' चारदा आला होता. त्यांनी प्रत मिटली आणि दादाला म्हणाले, "टेम्पो बोलाव."

टेम्पो आला तेव्हा यंत्रांच्या कपाळावरचं कुंकू अजून तसंच होतं, आणि खटक्यांमध्ये वाळलेला झेंडू. भंगारवाल्याची माणसं एकेक यंत्र बखोटीला धरल्यासारखं उचलून नेत होती. एलच्या सरस्वतीचं यंत्र नेताना त्याची घंटी एकदा आपोआप वाजली. अण्णा आत जाऊन पडले. आई दारात आली. तिला फुलं काढून घ्यायची होती. पूजेची फुलं भंगारात जाऊ नयेत, एवढीच तिची इच्छा. ज्या यंत्रांना ती इतकी वर्षं तेलपाणी करत आली होती त्यांच्यासमोर उभं राहून तिने, दादाला नव्हे, त्या टेम्पोवाल्याला विचारलं, "मी हात लावू का?" त्या माणसाला काही समजलं नाही. तो म्हणाला, "लाव ना मावशी, तुझंच आहे."

आपलं ते विचारणं त्या दिवसापासून आईच्या तोंडी बसलं. रेडिओ, मिक्सर, पुढे टीव्हीचा रिमोट, कशालाही बोट लावायच्या आधी ती विचारायची, "हात लावू का गं?" दादाचं मात्र छान चाललं. निळी काच बसली. दर दोन-तीन वर्षांनी आधीचा कॉम्प्युटर 'डबा' ठरायचा आणि नवा यायचा, आणि प्रत्येक वेळी दादा तेच म्हणायचा, "हा घेतला की मग बघायला नको." म्हैस घेतानाही माणूस यापेक्षा जास्त विचार करतो, आणि म्हैस दूध तरी देते. मग घरात फोन आला. तोवर मी ठाण्याला नोकरीला लागले होते, आणि दुपारी ऑफिसातून घरी फोन करायचे. आई उचलायची नाही. सुरुवातीला ती शेजारी जाऊन सांगायची, "आमचा फोन वाजतोय, जरा बघता का?" नंतर तेही सोडलं. मला इथे घंटी ऐकू येत असायची आणि मला पक्कं माहीत असायचं, की ती पदराला हात पुसत त्याच्यासमोर उभी आहे. मीही फोन ठेवत नसे. संध्याकाळी घरी गेलं की ती विचारायची, "दुपारी तूच होतीस ना?" मी हो म्हणायचे. आमचं बोलणं होऊन गेलेलं असायचं.

आई-अण्णा दोघंही गेले. दादा आता बाळकुमला मुलाकडे राहतो, उंच इमारतीत. मी लहान होते तेव्हा तिथे शेतं पाहिली आहेत. गेल्या दसऱ्याला मी गेले होते. त्याची नात कॉलेजात आहे, पंधरा दिवस व्हिडिओ बघबघून तिने एक लॅपटॉप निवडला होता, आणि तो निवडताना आजोबांना कोणी एक शब्द विचारला नव्हता. आदल्याच आठवड्यात आजोबांनी काहीतरी दाबून तिचं काम घालवलं होतं म्हणे. वहिनीने मला पूजेचं तबक दिलं होतं, मी ते घेऊन बाहेर आले, तर दादा नातीच्या टेबलाशी, त्या नव्या लॅपटॉपसमोर उभा. इस्त्रीचा झब्बा, हात पाठीमागे बांधलेले. जुने फोटो त्यात आहेत असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. "जरा हात लावू का गं?" तो म्हणाला. नातीने कानातला इअरफोन न काढताच मान हलवली. "नको आजोबा. प्लीज."

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही आठवलं की नाही, देव जाणे. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. असं वाटलं, बरं झालं, हे बघायला मी जिवंत राहिले. मग त्याचे ते पाठीमागे बांधलेले हात दिसले, आणि पदराला हात पुसत फोनसमोर उभी असलेली आई आठवली. मी तबक टेबलावर ठेवलं, अनामिका पाण्यात बुडवली, आधी हळद, मग कुंकू. "आत्याआजी, अगं नवीन आहे तो," पोरगी ओरडली. लॅपटॉपच्या झाकणावर, बरोबर मधोमध, मी बोट चांगलं दाबून टेकवलं. मी कोणालाही विचारलं नाही.